शाकारणी : प्रस्तावनेदाखल

लेखिकेने एकच अट घातली. "सर, माझ्याविषयी एक ओळसुद्धा नको. विषयाविषयी लिहा." पीएच.डी. झालेल्या माणसाने असे म्हणावे याचे आधी नवल वाटले, मग बरे वाटले. प्रस्तावना लिहायला बसलेला निवृत्त मास्तर विद्यार्थ्याच्या शाळकरी हुशारीच्या गोष्टी सांगत सुटतो आणि पुस्तक बाजूला राहते. तिचे नाव मुखपृष्ठावर आहे, मार्गदर्शकांचे आणि संस्थेचे ऋण तिने स्वतः फेडले आहे. तेव्हा अट मान्य.

विषय असा : मेंदूतली चेतापेशी आपल्या टोकांवरच्या, म्हणजे सिनॅप्समधल्या, प्रथिनांचा कारभार कसा सांभाळते. किती ठेवायची, कुठे बनवायची, कधी मोडायची. या कारभारातल्या एका लहानशा कोपऱ्यावर तिने प्रबंध लिहिला आणि आता त्या प्रबंधाच्या पोटातून हे मराठी पुस्तक काढले आहे.

पनवेलमध्ये पुस्तकाची कुणकुण लागल्यावर मला दोन प्रश्न आले. वडाळे तळ्याभोवती सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी विचारले, "म्हणजे मेंदूसाठी प्रोटीन पावडर का?" दुसऱ्यांनी आढेवेढे न घेता विसरभोळेपणावर औषधच मागितले. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्या धूतपापेश्वरच्या गावात हे साहजिक म्हणायचे. पण दोन्ही प्रश्नांनी एक गोष्ट लक्षात आली. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आठवते, अंडे आठवते, जिमच्या काउंटरवरचा डबा आठवतो. म्हणजे खाण्याची वस्तू. पेशीच्या आत मात्र प्रथिन म्हणजे राबणारा हात. दार उघडणारा, ओझे वाहणारा, निरोप घेणारा, दुसऱ्या प्रथिनाला शेपूट लावणारा. आपण खाल्लेली डाळ पोटात तुटते, तिचे मणी सुटे होतात आणि त्या मण्यांतून पेशी आपले हात स्वतः घडवते. डाळीतून थेट स्मरणशक्तीकडे जाणारा रस्ता नाही, हे त्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते जरा हिरमुसले.

सिनॅप्स हा शब्द चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये चालू केला. दोन चेतापेशी जिथे जवळ येतात पण चिकटत नाहीत ती जागा. मधली फट साधारण वीस नॅनोमीटरची. अलीकडच्या टोकाला रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या, पलीकडे ते रसायन झेलणारी प्रथिने. वर्गात मी हे फळ्यावर दोन बोंडे समोरासमोर काढून शिकवत असे, आणि मुलांना वाटे की त्या बोंडांत फारसे काही नसते. जर्मनीतल्या गटिंगेन इथे सिल्व्हिओ रिझोली यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या या बोंडांची शिरगणती केली. सरासरी एका बोंडात तीनशे ऐंशीच्या आसपास पिशव्या, आणि प्रथिनांचे रेणू सुमारे तीन लाख. ही झाली फक्त अलीकडच्या टोकाची मोजदाद. मी खडूचा एक ठिपका काढून पुढे जात होतो, त्या ठिपक्यात भरवस्तीचे गाव होते.

मी "चेतासंधी" या शब्दाचा आग्रह धरला होता. लेखिकेने सगळीकडे "सिनॅप्स" ठेवला आहे. मी हरलो. तिचे म्हणणे, डॉक्टर पेशंटला सिनॅप्सच म्हणतो, बातमीतही सिनॅप्सच येतो, मग पुस्तकानेच वाचकाला वेगळा शब्द पाठ करायला का लावावा? चेतापेशी, अक्षतंतू, वृक्षिका हे शब्द मात्र तिने शालेय पुस्तकांतून जसेच्या तसे घेतले आहेत, कारण ते आपल्या मुलांच्या तोंडी आहेत. हा न्याय मला पटला आहे, फक्त तिच्याजवळ मी तो अजून कबूल केलेला नाही.

आता खरी अडचण. ती अंतराची आहे.

कमरेतून निघून पावलाच्या स्नायूपर्यंत जाणारी चेतापेशी घ्या. तिचा पेशीकाय, म्हणजे जिथे केंद्रक आणि सगळा दफ्तरखाना असतो तो भाग, फार तर एक दशांश मिलिमीटर. अक्षतंतू जवळपास एक मीटर. म्हणजे एकास दहा हजार. पेशीकाय पनवेलच्या एखाद्या बारा मीटर लांबीच्या घराएवढा मानला, तर त्याचा हात बोरघाट चढून पुण्यात पोचतो. पुण्यातल्या टोकाला रोज प्रथिने लागतात आणि त्यांचे मूळ नकाशे पनवेलच्या घरात, केंद्रकातल्या डीएनएत, कुलुपात आहेत. नकाशा घराबाहेर जात नाही. त्याची नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, निघते आणि त्या नकलेवरून रायबोसोम प्रथिन जोडतो.

मग माल पुण्याला कसा जातो? १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलेन हिस्को यांनी जनावरांच्या चेतातंतूला बारीक आवळपट्टी बसवली आणि वाट पाहिली. पट्टीच्या अलीकडे, पेशीकायाच्या बाजूला, तंतू फुगला. पाटात बोळा अडकला की पाणी तुंबते तसे. आतून सतत काहीतरी सरकत असते हे त्या फुगवट्याने सांगितले, आणि सरकण्याचा वेग निघाला दिवसाला साधारण एक मिलिमीटर. या वेगाने एक मीटर कापायला पावणेतीन वर्षे लागतात. पुढे कळले की ही मालगाडी आहे. जलद गाडीही असते, ती दिवसाला चारशे मिलिमीटरपर्यंत जाते. पण सांगाड्याची आणि इतर कितीतरी प्रथिने मालगाडीनेच जातात. आणि सिनॅप्समधल्या बहुतेक प्रथिनांचे आयुष्य असते काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे. पावणेतीन वर्षांच्या प्रवासाला निघालेला, पंधरा दिवस टिकणारा माल!

इथे मला एक कबुली द्यायची आहे. चेतापेशीतले सगळे प्रथिन पेशीकायात बनते आणि तिथून टोकांकडे धाडले जाते, असे मी वर्षानुवर्षे शिकवले. ठामपणे शिकवले. उत्तरपत्रिकेत कोणी वेगळे लिहिले असते तर गुण कापले असते. वास्तविक १९८२ मध्येच ऑस्वाल्ड स्ट्यूअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूत वृक्षिकांच्या, म्हणजे निरोप झेलणाऱ्या फांद्यांच्या, काट्यांच्या अगदी बुडाशी रायबोसोमचे घोसच्या घोस पाहिले होते. ते तिथे उगीच बसलेले नसणार. १९९६ मध्ये ह्येजिन कांग आणि एरिन शूमन यांनी मेंदूच्या जिवंत कापात वृक्षिका पेशीकायापासून चक्क कापून वेगळ्या केल्या, तरी त्या सिनॅप्सना बळ आणणारे प्रथिन-निर्मितीचे काम तिथल्या तिथे चालू राहिले. घराशी संबंध तुटलेल्या हाताने स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला. ही बातमी आमच्या स्टाफरूममध्ये यायला दहा वर्षे लागली. दोष कोणाचा म्हणाल तर माझाच. वाचनालय होते, मासिके येत होती.

पेशीने केलेली सोय साधी आहे. शिजवलेले अन्न पुण्याला पाठवण्यापेक्षा कृतीचा कागद पाठवावा आणि चूल तिथेच मांडावी. एका कागदावरून पुन्हा पुन्हा रांधता येते, आणि पाहुणे येतील तेव्हाच चूल पेटवता येते. शूमन यांच्याच गटाने २०१२ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात, पेशीकायाबाहेरच्या या वस्तीत, २,५५० वेगवेगळे संदेशवाहक आरएनए मोजले. अडीच हजार पाककृती! चूल कधी पेटू द्यायची नाही यासाठीही प्रथिने नेमलेली आहेत. त्यातल्या एकाचा जनुक बंद पडला की फ्रॅजाइल एक्स नावाचा आजार होतो, ज्यात मुलांची बौद्धिक वाढ अडते. त्यावर पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, म्हणून मी इथे थांबत नाही.

वाहतुकीच्या बाबतीत मात्र थांबायला हवे, कारण त्यातला काही महत्त्वाचा भाग आपल्या दाराशी घडला आहे. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. १९६२ मध्ये तिथे ओबेद सिद्दीकी यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञांच्या त्या घरात पुढे फळमाशा आल्या, त्या त्यांच्यामुळे. सिद्दीकी आणि सीमूर बेन्झर यांनी १९७६ मध्ये तापमान वाढवताच लुळ्या पडणाऱ्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातल्या एका वाणाचे नाव "कोमाटोज". उष्णतेत ती माशी पडते, गारव्यात हळूहळू उठते. जवळपास वीस वर्षांनी कळले की तिच्यात बिघडलेले प्रथिन एनएसएफ आहे. सिनॅप्समध्ये पिशवी फुटून रसायन बाहेर पडले की तिला उघडणारी प्रथिने एकमेकांत गुरफटून बसतात. तो गुंता सोडवणारे हे प्रथिन. गुंता सुटला नाही तर पुढची पिशवी उघडायला हात मोकळे राहत नाहीत, आणि माशी पडते. पिशव्यांच्या या यंत्रणेसाठी जेम्स रॉथमन आणि इतर दोघांना २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये नोबेल जाहीर झाले. सिद्दीकी त्याच वर्षी जुलैत गेले होते.

त्याच संस्थेत आता संध्या कौशिका यांची प्रयोगशाळा आहे. त्यांचा प्राणी माशीहून लहान, एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी. सगळ्या मिळून चेतापेशी ३०२. अंग काचेसारखे पारदर्शक, त्यामुळे जिवंत कृमीच्या अक्षतंतूतून पिशव्यांची वाहतूक सूक्ष्मदर्शकाखाली सरळ बघता येते. पिशव्या वाहणाऱ्या हमालाचे नाव यूएनसी-१०४. या हमालाची गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. तो पेशीकायातून पिशवी पाठीवर घेऊन निघतो, टोकाला पोचतो. मग रिकामा हमाल परत येतो का? आपल्याला वाटते, येतच असणार. पुण्याला माल टाकून ट्रक परत कळंबोलीला येतो तसा. कौशिका आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूत केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले की तो येत नाही. सिनॅप्सपाशी त्याला मोडून टाकले जाते. ट्रक पुण्यात पोचल्यावर माल उतरवून ट्रकच भंगारात! आणि ज्या हमालाला पिशवी नीट धरता येत नाही तोही पेशीत टिकत नाही, त्याची संख्या एकदम घटते. २०१८ मध्ये याच प्रयोगशाळेने अक्षतंतूतल्या वाहतूक कोंडीवर लेख लिहिला. काही ठिकाणी गर्दी होऊन पिशव्या एकामागे एक थबकतात, आणि हे निरोगी पेशीतही चालते. कळंबोली सर्कलवर उभ्या आयुष्याचा बराच काळ घालवलेल्या पनवेलकराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हमाल मोडतो कोण?

इथे विषय बनवण्याकडून मोडण्याकडे वळतो, आणि माझ्या मते पुस्तकाचा जीव इथेच आहे. पेशीत युबिक्विटिन नावाचे एक चिमुकले प्रथिन असते. जे मोडायचे त्याला ते साखळीने जोडले जाते, जणू जप्तीची चिठ्ठी. मग चिठ्ठीवाले प्रथिन प्रोटिअसोम नावाच्या पोकळ नळकांड्यात ओढले जाते, आत त्याचे बारीक तुकडे होतात आणि शेवटी सुटे मणी पुन्हा वापरात येतात. चिठ्ठी लावण्याची ही रीत उलगडल्याबद्दल आरॉन चेखानोव्हर, आव्राम हेर्शको आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोडतोडीसाठी नोबेल, हे वाचून तेव्हा मी हसलो होतो.

त्याच २००४ साली बोस्टनमधल्या आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून एक लेख आला. पहिले नाव प्रसन्ना वेंकटरमन यांचे. हंटिंग्टन या आजारात एका प्रथिनात ग्लुटामिनचा मणी लागोपाठ फार वेळा ओवलेला असतो. चाळीस किंवा जास्त वेळा झाला की आजार ठरलेला. वेंकटरमन यांनी दाखवले की आपल्यासारख्या सजीवांच्या प्रोटिअसोमला ग्लुटामिनची ही सलग माळ आतून कापताच येत नाही. तो आजूबाजूचे कापतो आणि माळ तशीच बाहेर टाकतो. उसाच्या चरकात पेराची गाठ अडकावी तसे. अशा न कापलेल्या माळा एकमेकींना चिकटून पेशीत गोळे होतात. वेंकटरमन यांनी पुढे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, स्वतःची प्रयोगशाळा चालवली आणि प्रोटिअसोमवरच काम केले. खारघर आमच्या पनवेल तालुक्यात येते. स्टेशनवरून बघितले तर टेकडीच्या पायथ्याशी. तिथे कर्करोगावर उपचार होतात हे आमच्याकडे रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पेशीचा कचरा-कारखाना तिथे उघडून पाहिला जातो, हे फार थोड्यांना.

कर्करोगाच्या संस्थेत प्रोटिअसोम कशाला? कारण बहुविध मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर प्रोटिअसोम बंद पाडणारे बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून वापरात आहे. ती कर्कपेशी प्रथिने इतकी उपसते की कचरा उठला नाही की गुदमरून मरते. पण या औषधाचा एक नावाजलेला दुष्परिणाम आहे : हातापायांना मुंग्या, जळजळ, बधिरपणा. आणि तो बहुधा पावलांपासून सुरू होतो. म्हणजे सर्वांत लांब अक्षतंतूंच्या टोकापासून. पनवेलच्या घरातला झाडूवाला संपावर गेला आणि पहिली घाण पुण्यात साचली.

मोडणे थांबले की सिनॅप्स नुसता घाण होत नाही, तो शिकायचाही थांबतो. २००३ मध्ये मायकेल एलर्स यांनी काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींची धांदल आधी वाढवली, मग थंडावली, आणि दोन्ही वेळा सिनॅप्सच्या पलीकडच्या काठावरची प्रथिने गटागटाने बदलताना पाहिली. काही एकत्र वाढतात, काही एकत्र घटतात. प्रोटिअसोम बंद केला की हा बदल होतच नाही. त्याआधी १९९८ मध्ये जीना टुरीजियानो यांनी फुगा माशाच्या विषाने पेशींना दोन दिवस गप्प बसवले, तेव्हा त्या पेशींनी आपले सगळे सिनॅप्स एकाच प्रमाणात जोरकस करून घेतले होते, बाहेरचा आवाज कमी आला की आपण रेडिओ वाढवतो तसे. रेडिओचे बटण फिरवायला एक बोट पुरते. सिनॅप्सला मात्र त्यासाठी प्रथिने बनवावी लागतात, हलवावी लागतात, मोडावी लागतात, आणि तेही इथे किती, तिथे किती, असे जागा पाहून.

आता मी माझ्या घरावर येतो. लेखिकेविषयी लिहायची बंदी आहे, कौलांविषयी नाही.

आमचे पनवेलचे जुने घर कौलारू होते. मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी, शाकारणी व्हायची. दोन गडी वर चढत, कौले काढत, रिपा तपासत, कुजलेली रीप बदलत, फुटके कौल खाली टाकत आणि चांगले परत बसवत. दरवर्षी पाच-पन्नास नवी कौले लागत. घर रिकामे करायचा प्रश्नच नसे. वर शाकारणी चालू, खाली चुलीपुढे आई भाकऱ्या थापते आहे, वरून माती पडते म्हणून पिठाच्या परातीवर फडका. कौल कुठले बदलायचे हे वरच्या गड्याला वरून कळत नसे. बाबा माळ्यावरच्या अंधारात उभे राहत. जिथून उजेडाची तिरीप येई तिथे आतून काठीने ठोकत आणि ओरडत, "इथे! इथे!" फुटकी कौले विहिरीमागे पडत आणि आमची लगोरी वर्षभर त्यांच्यावर चाले. माझ्या लहानपणीचे एकही कौल घर पडेपर्यंत वर राहिले असेल असे मला वाटत नाही. तरी घर तेच होते. कोणाच्या मनात शंका आली नाही.

फ्रान्सिस क्रिक, डीएनएच्या जिन्यातले क्रिक, यांना ही शंका आली. १९८४ मध्ये त्यांनी एक छोटे टिपण लिहिले. प्रथिने तर दिवसा-आठवड्यांत झिजून बदलतात, मग पन्नास वर्षांची आठवण कशात टिकते? त्यांनी सुचवलेले उत्तर शाकारणीचेच होते : रेणू एकदम सगळे बदलत नाहीत, एकेक बदलतो, आणि शेजारचे जुने रेणू नव्या आलेल्याला आपल्यासारखे करून घेतात. हे तंतोतंत कसे घडते यावर आजही भांडणे आहेत आणि पुस्तकाचे चौथे प्रकरण त्या भांडणांनी भरलेले आहे. लेखिकेची बाजू कोणती हे वाचकाला कळेल. माझी तिच्याहून थोडी वेगळी आहे, पण मी प्रयोग केलेले नाहीत.

बाबांच्या काठीचेही उत्तर शास्त्राने शोधले आहे. पेशीकायातून आलेला माल हजारो सिनॅप्सपैकी नेमका योग्य जागी कसा उतरतो? १९९७ मध्ये उव्हे फ्रे आणि रिचर्ड मॉरिस यांनी दाखवले की जो सिनॅप्स नुकताच चाळवला गेला आहे तो काही तासांपुरती स्वतःवर खूण करून ठेवतो. मग दुसऱ्याच सिनॅप्सच्या निमित्ताने बनलेली प्रथिनेही तो आपल्याकडे ओढून घेऊ शकतो. शाळेतला, एरवी लक्षात न राहणारा एखादा क्षुद्र प्रसंग, त्याच दिवशी काही मोठे घडल्यामुळे, जन्मभर लक्षात राहतो, त्याचे मूळ इथे असावे असे हे शास्त्रज्ञ मानतात.

हे सगळे शोधतात कसे, याची एक झलक मी पाहिली आहे. प्रयोगशाळा म्हणजे चकचकीत यंत्रे, अशी माझी समजूत. लेखिकेच्या टेबलावर पहिल्यांदा दिसला तो दुधाच्या पावडरीचा डबा. मी म्हटले, "चहाला वाटते?" ती म्हणाली, "सर, ही पट्टीला पाजायची." प्रथिने जेलमधून वजनाप्रमाणे वेगळी करून एका पांढऱ्या पातळ पट्टीवर उतरवतात. मग लाल रंगात बुडवून बघतात, माल उतरला की नाही. रंग धुतला की पट्टी साय काढलेल्या दुधाच्या पाच टक्के द्रावणात तासभर हलत ठेवतात. कारण पट्टी चिकट, दिसेल ते प्रथिन पकडते. दुधातल्या प्रथिनांनी तिच्या मोकळ्या जागा आधीच भरून टाकल्या की नंतर घातलेले महागडे प्रतिपिंड फक्त हव्या त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी धुणे, दुपारी एका अंधाऱ्या पेटीत फोटो. पडद्यावर दोन करड्या रेघा उमटल्या, एक जाड, एक बारीक. ती बारीक रेघेकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला त्यात काहीच दिसत नव्हते. तिला वर्षभराचे उत्तर दिसत होते, आणि ते तिला हवे होते त्याच्या उलट होते.

रेघेमागची तयारी याहून लांब. उंदराच्या गर्भातून काढलेल्या चेतापेशी काचेवर पसरायच्या, त्यांना उबवणी-पेटीत दोन-तीन आठवडे सांभाळायचे, तेव्हा कुठे त्यांच्यात जून सिनॅप्स तयार होतात. एकदा कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर रविवारी संपले आणि सोमवारी सगळ्या बश्या गुलाबी-जांभळ्या. तीन आठवडे गेले. नव्या-जुन्या प्रथिनांची ओळख पटवायची तर पेशींना काही दिवस मुद्दाम जड अणूंचे मणी खाऊ घालतात, म्हणजे त्यानंतर बनलेले प्रत्येक प्रथिन तराजूत जरासे जड भरते. नव्या कौलांना चुना लावून ठेवावा आणि पुढच्या वर्षी छपरावर किती पांढरी दिसतात ते मोजावे, तसे. पाच-सहा वर्षांच्या प्रबंधात अशा मोजण्यांची जी चवड जमते, तिच्यातले या पुस्तकात आले आहे ते फार तर दहावा हिस्सा. बाकीचे तिने गाळले. गाळलेल्यातले एक-दोन प्रयोग माझ्या मते ठेवायला हवे होते, विशेषतः फसलेले.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एकच. तिने बहुतेक ठिकाणी "होते", "केले जाते" टाळून "पेशी करते" असे लिहिले आहे. पहिल्या वाचनात मी तिथे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पेशीला हेतू चिकटवू नये म्हणून. दुसऱ्या वाचनात त्यातल्या निम्म्या खोडल्या.

आमचे ते घर आता नाही. त्या जागेवर सात मजली इमारत आहे आणि आम्ही तिच्यातच चौथ्या मजल्यावर राहतो. आई शेवटची तीन वर्षे नावे विसरू लागली होती. नातीचे, शेजाऱ्यांचे, मग माझेही. एका जूनच्या रात्री पहिला पाऊस जोरात आला, तशी ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "अरे, माजघराच्या कोपऱ्यात परात ठेव, तिथे गळतं." वर तीन मजले काँक्रीट. तिला कोपराही बरोबर ठाऊक होता, देवळीच्या डावीकडचा. मी उठलो, स्वयंपाकघरातून परात आणली आणि हॉलच्या त्या कोपऱ्यात ठेवली. ती पाच मिनिटे कान देऊन बसली, आणि मग आडवी झाली.